बेने इस्रायल : तोरा आणि सण

तोरा : मोशेची 5 पुस्तके. वाचनाचे 54 भाग, दर शनिवारी सिनेगॉगमध्ये (प्रार्थनास्थळात) क्रमाने. सिम्हात तोरा या सणाला शेवटचा भाग संपतो आणि त्याच बैठकीत पहिला सुरू होतो. गुंडाळी चर्मपत्रावर हाताने लिहिलेली असते. अक्षरांना बोट लावत नाहीत, दर्शक काडी फिरवतात.

शब्बाथ : विश्रांतीचा दिवस, शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत. त्या दिवशी तेलाचा घाणा बंद, म्हणून कोकणात बेने इस्रायल या ज्यू समाजाला ‘शनिवार तेली’ म्हणत.

दारफाळणीचा सण (योम किप्पूर) : पूर्ण दिवस उपास, पांढरे कपडे. देवाविरुद्धच्या पापांची क्षमा प्रार्थनेने मिळते. माणसाला दुखावले असेल तर आधी त्याचीच माफी मागावी लागते.

बिरड्याचा रोजा : जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा उपास. तो सोडताना पानात मोड आलेल्या वालांचे बिरडे.

मलिदा : भिजवलेले गोड पोहे, ओले खोबरे, फळे. संदेष्टा एलियाहू हनाबीचे स्मरण करून, नवस फेडताना किंवा शुभकार्यात. बेने इस्रायलांचा हा खास विधी.

मुंबईतले पहिले सिनेगॉग : बेने इस्रायलांचे शार हारहमीम, 1796. पुण्याचे लाल देऊळ हे सिनेगॉग (1867) मात्र बगदादी ज्यू डेव्हिड ससून यांनी बांधवलेले.

अल्पसंख्याक दर्जा : महाराष्ट्रात ज्यूंना 2016 पासून.