रंगमंचावरील विजेच्या तारांची परीक्षा

मुंबईची पहिली विजेची आगगाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं धांवली, ती १५०० व्होल्टांच्या दाबावर. पुढें १९२९ सालीं या गाड्यांना वीज पुरविण्यासाठीं आपल्या ठाकुर्लीस चोळे येथें वीजगृह उभें राहिलें. तें आतां बंद आहे. परंतु रुळांवरील तारेस हात लावूं नये, हें येथील लहान मुलासहि ठाऊक असतें. स्नेहसंमेलनांत रंगमंचावर पसरलेली २३० व्होल्टांची तार मात्र तींच मुलें पायांखालीं तुडवितात. प्राण घेण्यास तीहि पुरेशी आहे.

दिवा लागला म्हणजे तार ठीक, ही समजूत चुकीची होय. तारेच्या पोटांत तीन तारा असतात: वीज आणणारी फेज, परत नेणारी न्यूट्रल आणि अर्थ. दिव्यास पहिल्या दोनच पुरतात. अर्थ तुटली असली तरी तो तितकाच लख्ख जळतो. पण उद्यां दिव्याच्या लोखंडी स्टँडला फेज चिकटली, तर ती वीज जमिनींत नेऊन फ्यूज उडविणारी कोणी उरत नाहीं. स्टँडला हात लावणाऱ्या मुलाच्या अंगांतूनच ती वाट काढील. फेज व न्यूट्रल यांची अदलाबदल झाली तरीहि दिवा लागतो; मात्र मग बटण न्यूट्रलला तोडतें, आणि दिवा विझल्यावरहि होल्डरांत वीज राहते.

म्हणून, विद्यार्थिमित्रहो, परीक्षा तार निर्जीव असतांनाच, शिक्षकांसमक्ष करावी. प्लग काढून, दिवे सोडवून तार उलगडावी व कोठें चिरली आहे काय तें पाहावें. मग टॉर्चची बॅटरी व तिचाच बारीक दिवा घ्यावा. एका टोकास तीन पिना, दुसऱ्या टोकास तीन छिद्रें. प्रत्येक पीन प्रत्येक छिद्राशीं ताडली म्हणजे नऊ जोड्या होतात. त्यांपैकीं तीन योग्य जोड्यांसच दिवा लागला पाहिजे. जाड, लांब पीन अर्थची. सॉकेट समोरून पाहतां वरचें मोठें छिद्र अर्थचें, उजवें फेजचें, डावें न्यूट्रलचें. प्लगाच्या पिना आपल्याकडे केल्या कीं डावें-उजवें उलटतें, आणि नवशिका येथेंच चुकतो. परीक्षा चालू असतां तार हलवीत राहावें. मागें आमच्या हातीं आलेली एक तार स्वस्थ असतां निर्दोष दिसे, पण प्लगापाशीं किंचित् वांकविली कीं अर्थचा दिवा विझे. उघडून पाहतों तों आंत दोनच तंतू धरून होते!

दमट हवेनें वा उंदरांनीं दुबळें झालेलें आवरण मात्र बॅटरीस ओळखतां येत नाहीं. त्याकरितां वायरमन मेगर आणतो. तें यंत्र ५०० व्होल्टांचा दाब देतें. मिनिटभरानंतरचा रोध एक मेगओहमहून कमी भरल्यास तार वापरूं नये. हें काम मुलांचें नव्हे, आम्हां शिक्षकांचेंहि नव्हे.

रंगमंचाच्या वीजमार्गांत ३० मिलिअँपिअर गळती होतांच वीज तोडणारें स्वयंचलित बटणहि असावें. त्यावरील परीक्षेची कळ दाबल्यानें तें बटण ठीक आहे एवढेंच कळतें. तारेंतील अर्थ शाबूत आहे कीं नाहीं, हें कळत नाहीं.

सदोष तारेस चिकटपट्टी गुंडाळून ती पुनः पेटींत टाकण्याची चाल पुष्कळ ठिकाणीं आहे. आम्ही तिचा प्लगच कापून टाकतों.