विश्लेषण : गेम पार्लरमधले जुने मशीन बंद का पडते? दुरुस्तीला सुरुवात कुठून करायची?

नव्वदच्या दशकात शिरूर, दौंडसारख्या तालुक्याच्या गावांत व्हिडिओ गेम पार्लर म्हणजे शाळकरी मुलांचा अड्डा. पुढे घरात संगणक आला, मग हातात मोबाइल आला आणि पार्लरची शटर खाली आली. पण त्या मोठ्या पेट्या सगळ्याच भंगारात गेल्या नाहीत. काही अजून गोदामात, माळ्यावर धूळ खात आहेत. आता कोणाला ती पेटी हॉटेलात ठेवायची आहे, कोणाला मुलांना दाखवायची आहे. प्लग लावला आणि काहीच झाले नाही, तर पुढे काय?

पेटीत नेमके असते काय?

बाहेरून पेटी अवजड दिसते, पण आत पाचच मुख्य भाग असतात : वीजपुरवठा करणारे एसएमपीएस, गेमचा बोर्ड, पिक्चर ट्यूबचा मॉनिटर, जॉयस्टिक-बटणे आणि नाण्याची यंत्रणा. या सगळ्यांना जोडणाऱ्या वायरिंगला ‘जामा’ म्हणतात. जपानमधील गेम मशीन उत्पादकांच्या संघटनेचे हे लघुरूप. १९८५ मध्ये आलेल्या या पद्धतीत ५६ पिनांचा एकच कनेक्टर असतो. त्यामुळे एका पेटीतला बोर्ड काढून दुसऱ्या गेमचा बोर्ड लावता येतो. दुरुस्तीतही याचा मोठा फायदा होतो. चालू असलेला दुसरा बोर्ड लावून पाहिला, की दोष बोर्डात आहे की पेटीत, हे लगेच कळते.

पहिली पायरी कोणती?

मशीन लगेच चालू करू नका. प्लग काढून मागचे दार उघडा. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, गंज, फुगलेले कपॅसिटर, जळाल्याच्या खुणा आधी डोळ्यांनी तपासा. धूळ ब्रशने काढा. फ्यूज उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा बसवा. तोही उडाला तर आत शॉर्ट आहे, हे समजा. फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळण्याची सवय इथे महागात पडते, कारण मग फ्यूजऐवजी बोर्ड किंवा ट्रान्सफॉर्मर जळतो. पॅनेलवर धातूचे भाग असतील तर अर्थिंग तपासल्याशिवाय मुलांना हात लावू देऊ नका.

पाच व्होल्टचे एवढे महत्त्व का?

गेम बोर्डाला प्रामुख्याने ५ व्होल्ट डीसी लागते. आवाजाच्या अॅम्प्लिफायरला १२ व्होल्ट, तर काही जुन्या बोर्डांना उणे ५ व्होल्टही लागते. या बोर्डांवरच्या बहुतेक चिप ४.७५ ते ५.२५ व्होल्टच्या पट्ट्यातच नीट चालतात. व्होल्टेज कमी पडले की गेम पुन:पुन्हा रीसेट होतो किंवा पडद्यावर चौकोनांचा कचरा दिसतो. अनेकदा ‘बोर्ड गेला’ असे समजून मशीन बाजूला ठेवले जाते, प्रत्यक्षात एसएमपीएस थकलेले असते.

मल्टिमीटर लावताना एक काळजी घ्या. व्होल्टेज एसएमपीएसच्या टोकावर नव्हे, तर बोर्डाच्या कनेक्टरवर मोजा. जुन्या वायरीत आणि काळ्या पडलेल्या पिनांत काही व्होल्टेज वाटेतच पडते. मशीन बंद करून बोर्डाची सोनेरी टोके आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली तरी बरेच दोष तिथेच संपतात. एसएमपीएसवर व्होल्टेज कमी-जास्त करण्याचा स्क्रू असतो. तो अगदी थोडा फिरवा. ५.२५ च्या वर गेल्यास चिप जळू शकतात.

आवाज येतो, पण चित्र नाही. मग?

अशा वेळी बोर्ड बहुधा जिवंत असतो. संशय मॉनिटरवर घ्यायचा. पडद्यावरची लक्षणे बरेच काही सांगतात :

- मधोमध एकच आडवी पांढरी रेघ : व्हर्टिकल आयसी किंवा तिथले ड्राय सोल्डर.
- एक रंग गायब : सिग्नलची वायर किंवा ट्यूबच्या मानेवरचा छोटा बोर्ड.
- कोपऱ्यात रंगांचे डाग : ट्यूबला चुंबकत्व आले आहे, डीगॉस करावे लागेल.
- चित्र आक्रसलेले किंवा थरथरणारे : वाळलेले कपॅसिटर.
- पडदा पूर्ण काळा, ट्यूबच्या मानेत लाली नाही : ईएचटी किंवा होरिझॉन्टल विभाग.

इथे मात्र स्वत: हात घालू नका. रंगीत पिक्चर ट्यूबला २० हजार व्होल्टच्या आसपास दाब लागतो आणि प्लग काढल्यानंतरही ट्यूबमध्ये चार्ज साठून राहतो. अनेक मॉनिटरना वेगळा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लागतो. तो वगळून थेट २३० व्होल्ट जोडणे धोक्याचे आहे. हे काम जुने टीव्ही दुरुस्त केलेल्या मेकॅनिकचेच.

बोर्डातच दोष असेल तर?

बऱ्याच पेट्यांत ‘टेस्ट’ स्विच असतो. तो दाबल्यावर बोर्ड स्वत:ची मेमरी तपासून कोणती चिप चुकते आहे, हे पडद्यावर दाखवतो. सॉकेटमधील रॉम चिप सैल झाल्या असतील तर पुरवठा बंद करून त्या नीट दाबून बसवाव्यात.

बॅटरी विशेष जपून पाहावी. १९९० मध्ये आलेल्या निओ जिओच्या बोर्डावरील बॅटरी गळते आणि तिचे द्रव्य तांब्याच्या रेषा खाऊन टाकते. कॅपकॉमच्या १९९३ पासूनच्या सीपीएस-२ बोर्डांत तर ३.६ व्होल्टच्या बॅटरीवर गेम उलगडण्याची ‘किल्ली’ साठवलेली असते. बॅटरी संपली की गेम सुरूच होत नाही. ती किल्ली पुन्हा भरण्याची पद्धत आता हौशी तंत्रज्ञांनी शोधून काढली आहे. त्यामुळे असा बोर्ड ‘मेला’ म्हणून टाकून देऊ नये.

भारतात ‘मुस्तफा’ नावानेच ओळखला जाणारा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ हा गेमही कॅपकॉमचाच, १९९३ चा. मात्र आपल्याकडच्या पार्लरमध्ये नकली बोर्डही भरपूर होते. म्हणून बोर्ड ओळखल्याशिवाय इंटरनेटवरचा नकाशा जसाच्या तसा लावू नका.

जॉयस्टिक एका बाजूला चालत नाही?

हा सर्वांत सोपा दोष. जॉयस्टिकखाली चार दिशांचे चार मायक्रोस्विच असतात. बंद दिशेच्या वायरी चालू स्विचवर लावून पाहा. दिशा काम करू लागली तर फक्त स्विच बदला. नाही तर वायर तपासा.

सुटे भाग कुठे मिळतील?

स्विच, फ्यूज, कपॅसिटर, एसएमपीएस यांसाठी पुण्यातील बुधवार पेठेतली तपकीर गल्ली किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठता येतो. दौंडहून पुण्याला थेट रेल्वे आहे, शिरूरकरांना एसटीचा आधार. जाताना जुना भाग सोबत न्या; नुसत्या नावावर चुकीचा भाग हमखास हाती पडतो.

एलसीडी लावला तर चालेल?

चालेल, पण सरळ जोडून नाही. जुने बोर्ड साधारण १५ किलोहर्ट्झचा सिग्नल देतात, तर संगणकाच्या मॉनिटरला किमान ३१ किलोहर्ट्झ लागतो. त्यासाठी मध्ये कन्व्हर्टर बसवावा लागतो.

तरीही जुनी ट्यूब घाईने भंगारात देऊ नये. तिच्या काचेत शिसे असते. फोडून फेकणे आरोग्याला घातक आहे आणि ई-कचऱ्याच्या नियमांनुसार ती अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवी. शिवाय पिक्चर ट्यूबचे टीव्ही बाजारातून गेल्यापासून ते उघडणारे हातही कमी होत चालले आहेत. गावातल्या जुन्या मेकॅनिककडचे हे ज्ञान बहुधा कुठे लिहिलेले नाही. पेटी दुरुस्त करायचीच असेल तर ती त्यांचे दुकान चालू असेपर्यंत करून घ्यावी आणि त्या वेळी शेजारी आयटीआयचा एखादा विद्यार्थी उभा करावा. मशीन तर चालेलच, शिवाय पुढच्या वेळी दुरुस्त करणाराही गावातच असेल.