रिकामी जागा काय सांगते?
मोडलेल्याची जोडणी : लेखांक ९

गेल्या आठवड्यात आपण नाण्याच्या फोनची लोखंडी पेटी उघडली, गंज उतरवला आणि डायल स्वच्छ केली. डायल परत फिरताना लाइन तुटते आणि जुळते, पाच फिरवले की पाच वेळा आणि शून्य फिरवले की दहा वेळा, तेही पाहिलं. आज त्याच पेटीच्या पोटात शिरायचं आहे. नाणं ज्या वाटेनं जातं त्या वाटेचा आजचा लेख.

ही पेटी जांभूळमधल्या आमच्या शेजारच्या काकूंची. त्यांचं पूर्वी अंबरनाथ स्टेशनजवळ किराणा दुकान होतं, फोन तिथल्या भिंतीवर होता. दुकान बंद झालं, लाइन गेली, पेटी माळ्यावर गेली. माझ्या टेबलावर आली तेव्हा तिच्यातले चार भाग नव्हते : रिसीव्हरमधली ऐकायची कॅप्सूल, नाणं पडल्याची खबर देणारा स्विच, नाण्याच्या घसरगुंडीशेजारचं चुंबक आणि गल्ल्याचं कुलूप. मॉडेलची पाटीही निघालेली. म्हणजे नकाशा नाही आणि सुटे भाग विकणारं दुकानही नाही.

अशा वेळी बरेचजण दुसरी तशीच पेटी शोधत बसतात. माझा अनुभव वेगळा आहे. भाग जातो, पण त्याची जागा मागे राहते. स्क्रूची छिद्रं, घासल्याच्या खुणा, रंग न लागलेला चौकोन, शेजारच्या पट्टीला दिलेला बाक, हे सगळं त्या भागाचं वर्णनच असतं. आधी ते वाचायचं, मग बाजारात जायचं.

नाण्याची परीक्षा

फोनमध्ये नाणं टाकायची कल्पना जुनी. अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहरात विल्यम ग्रे यांनी १८८९ मध्ये असा फोन बसवला. तेव्हापासून प्रत्येक नाण्याच्या फोनपुढे एकच अडचण आहे : समोर माणूस नसताना खरं नाणं ओळखायचं कसं?

आपल्या पेटीत ही परीक्षा चार पायऱ्यांत होते. पहिली फटीची : जाड किंवा मोठं नाणं आत शिरतच नाही. दुसरी पाळण्याची : नाणं ज्यावर येऊन बसतं त्या पाळण्याच्या दोन टोकांमध्ये ठरावीक अंतर असतं, लहान नाणं त्यातून खाली पडून परतीच्या वाटीत येतं. तिसरी वजनाची : पाळणा तराजूसारखा तोललेला असतो, दुसऱ्या टोकाला पितळी वजन असतं. नाणं पुरेसं जड असलं तरच पाळणा कलतो आणि नाणं घसरगुंडीवर येतं. चौथी परीक्षा चुंबकाची : नाण्याऐवजी कुणी लोखंडी वायसर टाकला तर तो तिथेच चिकटून बसतो.

यातली चौथी पायरी आमच्या पेटीत नव्हती. घसरगुंडीच्या बाजूला दोन रिकामी छिद्रं आणि त्यांच्यामध्ये चौकोनी, स्वच्छ पत्रा. मी चुंबक आणायला निघालो होतो. पण त्याआधी सवयीप्रमाणे आजूबाजूची जागा पाहिली आणि थांबलो.

छिद्रांचे आटे शाबूत होते. चुंबक उपटून निघालं असतं तर आटे फाटले असते. म्हणजे स्क्रू कुणीतरी नीट फिरवून काढले होते. पाळण्याच्या टोकाशी असलेला स्क्रू सरकवलेला होता. त्याच्या जुन्या जागेचा उजळ गोल चट्टा अजून दिसत होता. अंतर साधारण एक मिलिमीटरनं कमी केलेलं. आणि पितळी वजनात आरपार एक छिद्र होतं. कारखान्यातलं छिद्र गुळगुळीत असतं. याच्या कडा खरखरीत होत्या, हातातल्या ड्रिलनं मारल्यासारख्या.

आता नाणी समोर ठेवा. १९८३ ते १९९१ या काळातला रुपया तांबं आणि निकेलच्या मिश्रधातूचा, २६ मिलिमीटर व्यासाचा, ६ ग्रॅमचा. १९९२ मध्ये आलेला रुपया स्टीलचा, २५ मिलिमीटरचा, ४.८५ ग्रॅमचा. व्यास एक मिलिमीटरनं कमी, म्हणून पाळण्याचं अंतर कमी. वजन १.१५ ग्रॅमनं कमी, म्हणून पितळेला छिद्र. आणि सर्वांत महत्त्वाचं : जुन्या रुपयाला चुंबक धरत नाही, स्टीलच्या रुपयाला धरतं. जे चुंबक खोटं नाणं पकडायला बसवलं होतं, ते नव्या खऱ्या रुपयालाच अडवू लागलं असणार.

काकूंना विचारलं. त्या लगेच म्हणाल्या, "अरे, नवा रुपया आला तेव्हा रोज अडकायचा. लोक पेटीवर बुक्के मारायचे. मग एक मेकॅनिक आला, अर्धा तास बसला, काहीतरी काढून खिशात टाकलं आणि म्हणाला, आता चालेल. चालला की मग बरीच वर्षं."

म्हणजे चुंबक हरवलं नव्हतं. ते दुरुस्तीत काढलं होतं. ते परत बसवलं असतं तर पेटी दिसायला पूर्ण झाली असती आणि चालायला बंद पडली असती. शिवाय त्या अनाम मेकॅनिकचं शहाणपण मी पुसून टाकलं असतं. तेव्हा ती दोन छिद्रं रिकामीच ठेवली आहेत. प्रत्येक रिकाम्या जागेला हा प्रश्न आधी विचारा : इथलं काही हरवलंय, की कुणी विचार करून काढलंय?

जे खरंच हरवलं होतं

स्विचची जागा मात्र उघडउघड हरवल्याची होती. दोन तुटक्या तारा लोंबत होत्या आणि एका छिद्रात अर्धा तुटलेला स्क्रू. छिद्रं तिरकी : आडवं अंतर २२.२ मिलिमीटर, उभं १०.३. ही मापं मायक्रोस्विचच्या एका प्रचलित आकाराची आहेत. त्याच आकाराचे स्विच मायक्रोवेव्हच्या दारातही असतात. उल्हासनगरमधल्या भंगारवाल्याकडून सुटा स्विच आणला. (मायक्रोवेव्ह स्वतः उघडू नका. त्यातला कपॅसिटर प्लग काढल्यावरही जीवघेणा झटका देऊ शकतो.) स्विच बसला चपखल, पण रुपया त्याच्यावर येऊन थांबला. कळ कडक होती. पाच ग्रॅमसुद्धा वजन नसलेलं नाणं ती दाबणार कशी? मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर त्याच मापाचा, पण हलक्या कळीचा आणि लांब तारेचा स्विच मिळाला. ती तार घसरगुंडीच्या फटीतून जेमतेम आत डोकावते. रुपया जाताना तिला नुसता खांदा लावून जातो, तेवढं पुरतं.

एक सूचना : नाण्याच्या वाटेवर तेल घालू नका. तेलावर धूळ बसते, धुळीचा चिखल होतो आणि नाणं मंदावतं. ही वाट कोरडी आणि स्वच्छच हवी.

रिसीव्हरची कॅप्सूल भंगारातल्या एका डायलच्या फोनमधून मिळाली. कुलूप मी बसवलं नाही. त्या जागी साधी पितळी चकती लावली आहे, कोरी.

कोरी का, ते सांगतो. १९६४ च्या व्हेनिस सनदेत जुन्या वास्तूंच्या जतनाचे नियम आहेत. त्यातलं बारावं कलम हरवलेल्या भागांबद्दलच आहे : नवा भाग एकूण रूपाशी जुळावा, पण मूळ भागापासून वेगळा ओळखू यावा. आपल्या अंबरनाथचं शिवमंदिर पाहा. शके ९८२ चा, म्हणजे १०६० सालचा शिलालेख असलेलं ते देऊळ. त्याचं शिखर आज अपुरं आहे आणि तसंच राखलं आहे. त्यावर आपल्या कल्पनेतला कळस चढवला असता तर हजार वर्षांच्या दगडांमध्ये एक खोटी साक्ष उभी राहिली असती. किराणा दुकानातल्या पेटीलाही हाच न्याय लागू आहे असं मी मनापासून मानतो. म्हणून झाकणाच्या आतल्या बाजूला एक कार्ड चिकटवलं आहे : कोणते भाग नवे, कधी बसवले आणि चुंबक का नाही.

शेवटचा हरवलेला भाग : एक्स्चेंज

पेटी जोडून झाली तरी ती एकटी काही करत नाही. तिचा अर्धा मेंदू एक्स्चेंजमध्ये होता. नंबर फिरवला, पलीकडच्यानं फोन उचलला की एक्स्चेंज लाइनच्या दोन तारांचे धन आणि ऋण उलटे करत असे. तो बदल पेटी ओळखायची आणि आपला आवाज अडवून धरायची. पलीकडचा "हॅलो, हॅलो" आपल्याला ऐकू यायचा, आपलं बोलणं त्याला जायचं नाही. मग रुपया टाकायचा. स्विच दाबला गेला की वाट मोकळी.

हे घरी करून पाहता येतं. १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून २४ व्होल्ट घ्या. त्यांच्याशी एकाच सर्किटमध्ये ४७० ओहमचा, एक वॅटचा रेझिस्टर, आपली पेटी आणि दुसरा साधा फोन जोडा. साधारण २५ ते ३० मिलिअँपिअर करंट वाहतो, बोलायला तो पुरतो. पेटीकडे जाणाऱ्या दोन तारांमध्ये सहा पायांचा स्विच उलटसुलट जोडून टाका. कळ फिरवली की धन-ऋण उलटे होतात. तुमचं बोट म्हणजे एक्स्चेंज. खऱ्या टेलिफोन लाइनला मात्र ही पेटी लावू नका : रिंग येते तेव्हा त्या तारांवर ७५ व्होल्टच्या आसपास एसी असतो.

रविवारी काकू नातवाला घेऊन आल्या. दुसरा फोन आतल्या खोलीत ठेवला. आधी २०११ नंतरचा, २२ मिलिमीटरचा रुपया टाकून पाहिला. तो पाळण्यातून सरळ परतीच्या वाटीत आला, यायलाच हवा होता. मग १९९५ चा रुपया नातवाच्या हातात दिला. त्यानं रिसीव्हर उचलला आणि लगेच नाणं फटीकडे नेलं.

काकूंनी त्याचं मनगट धरलं. "थांब. आधी नंबर फिरव. पलीकडून हॅलो येऊ दे."

(पुढील आठवड्यात : घासून गेलेले आकडे आणि अक्षरं परत वाचता यावीत म्हणून काय करायचं, आणि काय करायचं नाही.)