तीन स्पर्धक, एक संगणक : एका विद्यापीठीय स्पर्धेची नियमरचना

‘आय.सी.पी.सी.’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय महाविद्यालयीन प्रोग्रॅमिंग स्पर्धेविषयी असा समज पुष्कळदा आढळतो, की ती जलद टंकलेखनाची आणि पाठांतराची परीक्षा होय. हा समज सर्वस्वी निराधार नाही. तथापि स्पर्धेचे नियम बारकाईने पाहिल्यास तो फारसा टिकत नाही. नियम थोडेच आहेत, आणि त्यांतील एकाने, म्हणजे तीन स्पर्धकांस मिळून एकच संगणक देण्याच्या नियमाने, स्पर्धेस तिचे खरे स्वरूप दिले आहे.

स्पर्धेचा उगम १९७० साली टेक्सस ए. अँड एम. विद्यापीठात झाला व पहिली अंतिम फेरी १९७७ साली अटलांटा येथे भरली. भारतातील संघ प्रथम दूरस्थ प्राथमिक फेरी देतात. तींतून निवडलेले संघ अमृतपुरी, कानपूर यांसारख्या केंद्रांवरील विभागीय फेरीस प्रत्यक्ष उपस्थित राहतात, आणि त्यांतील अग्रगण्य संघांस पुढील मार्ग खुला होतो. संघातील तिघेही एकाच विद्यापीठाचे असावे लागतात. अवधी पाच तासांचा. प्रश्न साधारणपणे दहा ते तेरा.

प्रत्येक प्रश्नाच्या उत्तरादाखल एक आज्ञावली लिहून द्यावयाची असते. ती परीक्षकांजवळील गुप्त चाचण्यांवर चालविली जाते. सर्व चाचण्यांत उत्तर बरोबर आले व वेळेची मर्यादा पाळली गेली, तरच प्रश्न सुटला असे मानतात. शंभरांपैकी नव्व्याण्णव चाचण्या उत्तीर्ण झालेल्या आज्ञावलीस शून्यच गुण मिळतात. शिवाय कोणत्या चाचणीत चूक झाली हेही स्पर्धकास कळत नाही. आपल्या लेखी परीक्षांतील अंशतः गुण देण्याच्या पद्धतीस सरावलेल्या विद्यार्थ्यास हे निष्ठुर वाटते, परंतु त्यामागील हेतू एका उदाहरणावरून स्पष्ट होईल.

दोन लक्ष संख्यांची एक यादी दिली असून, आधी येणारी संख्या नंतर येणाऱ्या संख्येहून मोठी आहे अशा जोड्या किती, हे विचारले आहे असे समजा. प्रत्येक जोडी तपासावयाची म्हटल्यास सुमारे २,००० कोटी तुलना कराव्या लागतात. सेकंदास १० कोटी साध्या क्रिया हा ढोबळ हिशेब धरला, तर त्यास २०० सेकंद लागतील. मर्यादा मात्र बहुधा दोन सेकंदांची असते. यादीचे पुनःपुन्हा दोन भाग करून, ते क्रमवार विलीन करताना जोड्या मोजल्या, तर सुमारे ३६ लक्ष क्रियांत काम भागते. एवढ्याने संपले असे मात्र नाही. यादी पूर्णपणे उतरत्या क्रमाने असल्यास उत्तर १९,९९,९९,००,००० येते, आणि बत्तीस द्विमान अंकांच्या चिन्हांकित पूर्णांकाची कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७ आहे. पद्धती निर्दोष असूनही केवळ या एका कारणाने प्रश्न गमावलेले संघ थोडे नसतील. म्हणजे येथे पद्धतीची सिद्धता, तिचा कालव्यय आणि यंत्राची मर्यादा या तिहींचा विचार एकत्र करावा लागतो.

अनुक्रम प्रथम सुटलेल्या प्रश्नांच्या संख्येवरून लागतो. संख्या समान असल्यास ज्याची दंडमिनिटे कमी तो संघ वर. प्रश्न सुटला त्या क्षणापर्यंत स्पर्धेची जितकी मिनिटे गेली तितकी दंडमिनिटे, आणि त्या प्रश्नावरील प्रत्येक फसलेल्या प्रयत्नास आणखी वीस. न सुटलेल्या प्रश्नावरील चुकांचा दंड मोजीत नाहीत.

आता एका संगणकाच्या नियमाकडे वळू. तीन प्रश्नांस यंत्रावर अनुक्रमे २०, ४० व ९० मिनिटे लागणार असतील, तर सोप्याकडून कठिणाकडे गेल्यास दंड २० + ६० + १५० म्हणजे २३० मिनिटे होतो. उलट क्रमाने गेल्यास ९० + १३० + १५० म्हणजे ३७०. श्रम तेच, फरक १४० मिनिटांचा. एका यंत्रावरील कामांच्या क्रमाविषयी डब्ल्यू. ई. स्मिथ यांनी १९५६ साली जो निष्कर्ष मांडला, त्याचेच हे साधे रूप. लागोपाठच्या दोन कामांत मोठे आधी असेल, तर त्यांची अदलाबदल केल्याने बेरीज घटते, एवढ्यावरून तो सिद्ध होतो.

स्पर्धेतील खरी अडचण अशी, की कोणत्या प्रश्नास किती वेळ लागेल हे आरंभी कोणासच ठाऊक नसते. म्हणून जाणते संघ प्रश्नपत्रिका तिघांत वाटून घेतात व इतर संघांनी काय सोडविले हे गुणफलकावर पाहून अंदाज सुधारतात. शेवटच्या तासात तो फलक गोठविला जातो. कोणते उत्तर चुकले हे शोधणारा स्पर्धक आज्ञावलीची छापील प्रत घेऊन बाजूस बसतो, यंत्र दुसऱ्यास मोकळे करतो. कागदावर युक्तिवाद पुरा होण्यापूर्वी यंत्राशी बसणाऱ्याची किंमत इतर दोघांस मोजावी लागते. टंकलेखनाच्या वेगास येथे दुय्यम स्थान आहे ते यामुळेच.

२०२५ साली बाकू येथील अंतिम फेरीच्या प्रश्नसंचावर ओपनएआयच्या प्रणालीने बारापैकी बाराही प्रश्न सोडविले, गूगलच्या जेमिनीने दहा; विजेत्या सेंट पीटर्सबर्ग राज्य विद्यापीठाच्या संघाने अकरा. प्रत्यक्ष सभागृहातील स्पर्धेस यामुळे विशेष बाध येत नाही, कारण तेथे बाह्य जाळे बंद असते व पर्यवेक्षक समोर असतात. दूरस्थ प्राथमिक फेरीची गोष्ट निराळी. तेथे तिघांपुढे एकच यंत्र आहे की तीन, आणि चौथा सहायक मनुष्य आहे की प्रणाली, हे पाहणारे कोणी नसते. आणि सभागृहात कोणी पोहोचावे हे तीच फेरी ठरविते. ही फेरी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतून देखरेखीखाली घ्यावयाची, तर खर्च व मनुष्यबळ यांची तरतूद संगणकशास्त्र विभागांनाच करावी लागेल.