गप्प बसणाऱ्यांची मोजदाद

अणुभट्टी मोडीत निघाली की तिच्या पोलादाच्या तुकड्यात काय काय दडलंय ते शोधावं लागतं. कोबाल्ट-६० लपत नाही. त्याचे गॅमा किरण पोलाद भेदून बाहेर येतात. द्रव नायट्रोजनने गार केलेला जर्मेनियम डिटेक्टर समोर ठेवला, की ११७३ आणि १३३२ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टवर दोन शिखरं उभी राहतात. तुकडा कापावाही लागत नाही.

त्याच तुकड्यातला निकेल-६३ मात्र चकार शब्द काढत नाही. तो गॅमा सोडतच नाही. सोडतो ते बीटा कण, जास्तीत जास्त ६७ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टचे. बहुतेक पोलादातच जिरतात. ट्रिटियमचे बीटा तर १८.६ वरच थांबतात. लोह-५५, कार्बन-१४, क्लोरीन-३६ ही मंडळी याच पंगतीतली. या क्षेत्रात त्यांना ‘मोजायला अवघड’ असंच म्हणतात.

मग सोडून का देऊ नये? कोबाल्टचं अर्धायुष्य सव्वापाच वर्षांचं, निकेल-६३ चं सुमारे १०० वर्षांचं. ५३ वर्षांनी कोबाल्ट हजारावा हिस्सा उरतो, निकेल जवळपास ७० टक्के. क्लोरीन-३६ ला अर्धं व्हायला तीन लाख वर्षं लागतात, आणि क्लोराइड पाण्याबरोबर सहज वाहतं.

निकेलला ऐकायचं तर आधी कोबाल्टला बाजूला काढायला हवं. इथे कसब लागतं ते रसायनतज्ज्ञाचं. तुकडा आम्लात विरघळवतात. तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात लोह आणि कोबाल्ट आयन-विनिमय रेझिनला चिकटतात, निकेल खाली उतरतो. मग अमोनिया आणि डायमिथिलग्लायॉक्झाइम घातलं की गुलाबी-लाल साका बसतो. कॉलेजात सॉल्ट अ‍ॅनालिसिस केलेल्यांच्या ओळखीचाच हा रंग. सुरुवातीला साधा निकेल किती होता आणि शेवटी किती हाती आला, तेही मोजतात. शंभरातले ऐंशी आले असतील, तर निकेल-६३ च्या आकड्यालाही तीच दुरुस्ती.

आता पाळी लिक्विड सिंटिलेशन काउंटरची. बीटा डिटेक्टरपर्यंत पोचत नाही, म्हणून इथे डिटेक्टरच नमुन्यात मिसळतात. २० मिलिलिटरच्या कुपीत निकेलचं द्रावण आणि प्रकाश देणारं ‘कॉकटेल’ एकजीव करतात. बीटा सुटला की क्षीण चमक उठते. दोन फोटोमल्टिप्लायर नळ्यांना ती एकाच क्षणी दिसली तरच नोंद होते. एकाच नळीची खुडबुड बाद. द्रावणात रंग राहिला तर तो चमक गिळतो. याला क्वेंचिंग म्हणतात, आणि त्याची दुरुस्ती केल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

किरणोत्सारी कचऱ्याच्या प्रत्येक पिंपासाठी इतका खटाटोप परवडत नाही. म्हणून मोजक्या नमुन्यांवरून निकेल आणि कोबाल्टचं गुणोत्तर काढतात, आणि पिंपातल्या कोबाल्टवरून निकेलचा अंदाज बांधतात. मात्र गुणोत्तरासोबत तारीख लिहावीच लागते. कोबाल्ट भराभर घटतो, त्यामुळे कालचं गुणोत्तर उद्या चालत नाही.

आणि मुळातला नमुनाच चुकीचा मोजला असेल तर? फिनलंडमधल्या एस्पोची एफआयआर-१ ही २५० किलोवॉटची छोटी संशोधन अणुभट्टी १९६२ पासून २०१५ पर्यंत चालली. तिच्या संरक्षक भिंतीचं काँक्रीट युरोपातल्या अनेक प्रयोगशाळांनी आपापल्या पद्धतीने तपासलं. आदर्श उत्तरपत्रिका कुणाकडेच नव्हती. सगळ्यांचे आकडे शेजारी मांडून पाहायचे, मग भिंतीवर आदळलेल्या न्यूट्रॉनांच्या गणिताशी ताडायचे, आणि जिथे फरक पडला तिथे पुन्हा आम्लाच्या चंचुपात्रापाशी यायचं.