माळावरचे धन

दिवाळी आटोपली म्हणजे पुण्याच्या आसपासच्या रस्त्यांवर एक निराळीच यात्रा दृष्टीस पडते. पुढे डोक्यास मुंडासे, खांद्यावर घोंगडी आणि हाती काठी असलेला धनगर. त्याच्या मागे शेदोनशे मेंढ्यांचा कळप. आणि त्यामागून संसाराचे ओझे वाहणारी घोडी. त्या ओझ्यावरच कोंबड्या आणि नुकती जन्मलेली कोकरे बसलेली असतात. मोटारी खोळंबतात, कर्णे वाजतात आणि थोड्याच वेळात कळप रस्ता ओलांडून दिसेनासा होतो. शहरातील पुष्कळ लोकांचा मेंढीशी येणारा संबंध एवढाच. परंतु ह्या कळपाचे जीवित आणि पुणे शहर यांचे नाते ह्याहून पुष्कळ निकटचे आहे.

हे धनगर बहुधा फलटण, बारामती, पुरंदर अशा कमी पावसाच्या मुलखांतले असतात. पावसाळ्यात त्यांच्या माळांवर गवत उगवते. ते सरले की कळप घाट उतरून कोकणाकडे जातात. वाटेत शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतो. एका रात्रीत जमिनीस लेंड्यांचे व मूत्राचे उत्तम खत मिळते आणि धनगरास धान्य किंवा पैसे मिळतात. पावसाळ्यापूर्वी मात्र कळपास पुन्हा घाट चढून यावेच लागते. कोकणातील धुवाधार पाऊस मेंढीला मानवत नाही. सतत चिखलात राहिल्याने तिचे खूर कुजतात आणि ओल्या गवतातून पोटात जंत जातात. धनगराची भटकंती ही हौस नसून कळपाच्या आरोग्याची ती एक जुनी व शहाणपणाची व्यवस्था आहे.

ह्या कळपांतील मेंढी दख्खनी जातीची होय. ती काटक असते, दूरवर चालते आणि निकृष्ट चाऱ्यावरही तग धरते. तिची लोकर जाडीभरडी असल्याने तिची घोंगडीच होते. घोंगड्यांचा खप कमी झाल्यापासून धनगराचे उत्पन्न मुख्यतः कोकरांच्या विक्रीवर अवलंबून राहिले आहे. परंतु दख्खनी मेंढी एका वेळी बहुधा एकच कोकरू देते. ते एक दगावले, तर त्या मेंढीमागील साऱ्या श्रमांवर पाणी पडते. यास्तव कोकरू जन्मास येणे आणि ते जगणे, ह्या दोन गोष्टींवर धनगराच्या घरची चूल अवलंबून असते.

शेळीची गोष्ट थोडी वेगळी आहे. मेंढी मान खाली घालून गवत खाते, तर शेळी मान वर करून, प्रसंगी मागच्या पायांवर उभी राहून, झुडपांचा पाला ओरबाडते. महाराष्ट्रात उस्मानाबादी व संगमनेरी ह्या शेळ्यांच्या जाती प्रसिद्ध आहेत. उस्मानाबादी शेळी पुष्कळदा जुळी करडे देते. थोड्या जागेत आणि थोड्या खर्चात पोसता येत असल्याने शेळीला गरिबाची गाय म्हणतात.

दोन्ही प्राणी रवंथ करणारे आहेत. त्यांच्या पोटास चार कप्पे असतात. पहिल्या मोठ्या कप्प्यात असंख्य सूक्ष्म जीव राहतात आणि माणसास न पचणारा चारा ते कुजवून पचण्याजोगा करतात. हे सूक्ष्म जीव नेहमीच्या आहारास सरावलेले असतात. एकाएकी पुष्कळ धान्य, शिळा भात किंवा भाकऱ्या पोटात गेल्या, तर तेथे आम्ल वाढते आणि जनावर प्राणासही मुकते. शहरात उष्टे अन्न प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून टाकतात, ते तर दुहेरी घातक. पिशवी पचत नाही. ती पोटात अडकून राहते. म्हणून चारा बदलावयाचा तो हळूहळू, आठदहा दिवसांत बदलावा, आणि स्वच्छ पाणी नेहमी जवळ असावे.

जनावराचे वय त्याच्या दातांवरून समजते. शेळ्यामेंढ्यांस वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. खालच्या जबड्यात आठ असतात. दुधाचे दात पडून त्यांच्या जागी मोठ्या दातांची एकेक जोडी येत जाते. म्हणून जाणकार मनुष्य जनावराचे तोंड उघडून ते दोनदाती आहे की चारदाती, हे लगेच सांगतो. मादी फार लहान वयात गाभण राहू देऊ नये. तिची स्वतःची वाढ खुंटते. सुमारे पंचवीस माद्यांमागे एक निरोगी नर पुरतो. मात्र तोच नर कळपात वर्षानुवर्षे ठेवल्यास तो आपल्याच मुलींशी जुळतो आणि पुढील पिढी दुबळी निपजते. म्हणून दोन वर्षांनी नर बदलणे इष्ट असते. मादी सुमारे पाच महिने गाभण असते. त्यांपैकी शेवटच्या दीड महिन्यात पोटातील पिल्लू झपाट्याने वाढते. त्या काळात तिला थोडा अधिक खुराक द्यावा लागतो.

दख्खनी मेंढीस एकाऐवजी दोन कोकरे झाली तर? हा प्रश्न फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने हाती घेतला. ही संस्था बनबिहारी निंबकर यांनी १९६८ साली स्थापन केली. बंगालमधील सुंदरबनाच्या दलदलीत गॅरोल नावाची ठेंगणी मेंढी आढळते. तिला जुळी व तिळी कोकरे होतात. ह्याचे कारण तिच्या रक्तातील एका आनुवंशिक घटकात, म्हणजे जनुकात, दडलेले आहे. हेच जनुक ऑस्ट्रेलियातील बुरूला नावाच्या मेंढ्यांतही सापडते. अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालमधून जहाजाने तिकडे नेलेल्या मेंढ्यांबरोबर ते गेले असावे, असे शास्त्रज्ञ मानतात. फलटणच्या संस्थेने गॅरोल आणि दख्खनी मेंढ्यांचा संकर पिढ्यानपिढ्या निवडून केला आणि त्यातून ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी निर्माण झाली. तिच्यात दख्खनीचा काटकपणा आहे आणि पुष्कळ वेळा जुळी देण्याचा गुणही आहे.

परंतु कोणत्या कोकरात हे जनुक उतरले, हे डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी रक्ताची परीक्षा करावी लागते. ह्या कामात पुण्यातील पाषाण रस्त्यावरील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे साहाय्य झाले. माळावरच्या कोकराच्या रक्ताचा थेंब शहरातील प्रयोगशाळेत आला आणि त्याचे उत्तर पुन्हा माळावर गेले. पुढे ह्या मेंढ्या धनगरांच्या प्रत्यक्ष कळपांत ठेवून त्यांची पारख करण्यात आली. कारण संस्थेच्या गोठ्यात जे साधते, ते उन्हातान्हात चालणाऱ्या कळपात साधेलच असे नाही. जुळ्यांच्या आईला दूध अधिक यावे लागते, तिला खुराक अधिक द्यावा लागतो आणि अशक्त कोकराकडे लक्षही अधिक पुरवावे लागते. दोन कोकरे म्हणजे दुप्पट उत्पन्न खरे. परंतु त्याआधी दुप्पट काळजी.

ही काळजी जन्मापासूनच सुरू होते. कोकराची नाळ स्वच्छ करून तिला आयोडीन लावावे. त्यानंतर शक्य तितक्या लवकर त्यास आईचा चीक पाजावा. आईच्या उदरात असताना कोकरास रोगांशी झुंजणारी द्रव्ये मिळत नाहीत. ती चिकातूनच मिळतात. शिवाय ती शोषून घेण्याची शक्ती कोकराच्या आतड्यात पहिल्या दिवसापुरतीच असते. म्हणजे पहिल्या काही तासांतील आळस पुढे कितीही औषधे दिली तरी भरून निघत नाही.

पहिला पाऊस पडून कोवळे गवत फुटते, तेव्हा धनगरास आनंद होतो तशी धास्तीही वाटते. ते लुसलुशीत गवत अधाशीपणाने खाल्ल्यावर आतड्यातील काही जंतू एकाएकी वाढतात आणि विष निर्माण करतात. ह्या रोगास आंत्रविषार म्हणतात. सायंकाळी बागडणारे कोकरू सकाळी मरून पडलेले आढळते. आणि तेही बहुधा कळपातील सर्वांत धष्टपुष्ट, कारण सर्वांत अधिक खाणारे तेच. रोग जडल्यावर उपाय करण्यास अवधीच मिळत नाही. म्हणून पावसाळ्यापूर्वी लस टोचणे हाच मार्ग होय. पीपीआर हा दुसरा भयंकर रोग. त्यात ताप येतो, नाकातोंडातून स्राव वाहतो, तोंडात फोड येतात आणि हगवण लागते. त्यावरही परिणामकारक लस आहे. अशा लसी तयार करणारी राज्य शासनाची संस्था पुण्यातच, औंध येथे आहे. मेंढपाळांस सुधारित जातीचे नर व मार्गदर्शन देणारे मेंढी व शेळी विकास महामंडळ १९७८ साली स्थापन झाले. पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे नाव धारण करणाऱ्या ह्या महामंडळाचे मुख्य कार्यालयही पुण्यातच, गोखलेनगरात आहे.

तथापि लस आणि औषध यांच्याही आधी लागते ती नजर. निरोगी मेंढी कळपाबरोबर चालते, विश्रांतीच्या वेळी रवंथ करते, तिचे डोळे तेजस्वी असतात आणि लेंड्या घट्ट असतात. तिच्या शरीराची उष्णता सुमारे ३९ अंश सेल्सिअस असते. जी मागे रेंगाळते, कान पाडून उभी राहते, रवंथ थांबवते, ती आजारी समजावी. तिला ताबडतोब वेगळी बांधावी आणि पशुवैद्यास दाखवावी. रोज सायंकाळी धनगर वाड्यावर मेंढ्या मोजतो, तेव्हा तो केवळ संख्या मोजत नाही. एकेकीचे तोंड पाहतो.

प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञाची सूक्ष्मदृष्टी आणि माळावरच्या धनगराची ही नजर, दोन्ही एकाच कोकरासाठी जागत असतात. पुढच्या वेळी रस्त्यावर कळप आडवा आला आणि क्षणभर थांबावे लागले, तर त्या थांबण्यात कसलीच हानी नाही. कोणाचे तरी वर्षभराचे कष्ट त्या वेळी रस्ता ओलांडत असतात.