नाही असल्यास प्रश्न 6 वर जा



या अंकासोबत कुटुंब-माहितीचा नवा फॉर्म येत आहे. मागचा फॉर्म आम्हीच केला होता आणि त्यात आम्ही चुकलो, हे आधी कबूल करतो. "मुले किती? इयत्ता कोणती? मराठी वर्गाला पाठवाल का?" असे सरसकट सगळ्यांना विचारले. खफजीत कित्येक सभासद एकटे राहतात, बायको-मुले गावी. त्यांनी गावच्या मुलांचा आकडा लिहिला आणि आम्ही तो इथल्या वर्गात धरला. एका घरातून मात्र फॉर्म कोरा परत आला. पुढच्या कार्यक्रमालाही ते दोघे आले नाहीत. कारण उमगायला आम्हाला फार वेळ लागला.

खरे तर ही रीत आम्हाला प्रयोगशाळेत शिकवलेली. अज्ञात क्षाराच्या द्रावणात आधी विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घालायचे. पांढरा साका आला, तरच शिसे, चांदी, पारा यांच्या चाचण्या. नाही आला, तर थेट दुसरा गट. न आलेल्या साक्याची चाचणी कोणी करत नाही!

2011 च्या जनगणनेतही तेच होते. किती मुले झाली, हा प्रश्न विवाहित, विधवा, घटस्फोटित किंवा विभक्त स्त्रियांपुरताच होता. गेल्या वर्षभरात मूल झाले का, हा तर फक्त सध्या विवाहित असलेल्यांना. तिथे कोणता प्रश्न गाळायचा, हे प्रगणकाला शिकवलेले असते. आपला फॉर्म घरी बसून भरायचा, म्हणून वाट कागदावरच लिहायला हवी.

आता प्रश्न 3 असा आहे: "मराठी वर्गाच्या वयाचे मूल इथे, आपल्यासोबत राहते का?" हो असल्यास 4 आणि 5 भरा. नाही असल्यास 6 वर जा. 'नाही' का, हे कुठेही विचारलेले नाही.

याने हिशेबही सुधारतो. समजा, 40 फॉर्म आले आणि 12 घरांनी वर्गाला 'हो' म्हटले. 40 पैकी 12 पाहून कोणीही म्हणेल, वर्ग नको. पण प्रश्न 15 घरांनाच लागू असेल, तर ते 15 पैकी 12 होतात!

उड्या मात्र थोड्याच ठेवल्या आहेत आणि सगळ्या पुढेच जातात. मागेपुढे धावावे लागले, तर माणूस फॉर्म बाजूला ठेवतो. झेरॉक्सला देण्याआधी आम्ही तो तीनदा भरून पाहिला: एकदा मुलांसह राहणाऱ्याचा, एकदा एकट्याचा, एकदा दोघांच्याच घराचा.

चौथ्यांदा तो त्या घरी नेला. (त्यांना विचारूनच हे लिहीत आहोत.) वहिनींनी 3 ला 'नाही' लिहिले आणि थेट 6 वर गेल्या: "दिवाळीला काय मदत कराल?" तिथे त्यांनी लिहिले, "चकल्या. भाजणी गावाहून आणली आहे."

आपले फॉर्म येत्या शुक्रवारपर्यंत द्यावेत, ही विनंती.